जांभळं दुपंखी विमान

४ नोव्हेंबर

ही वही नवरोबाने आणून दिली. म्हणाला, दिवसभर गाडीत लोकांवर ओरडतेस, घरी आल्यावर उरलेलं यात ओरड. मी गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि तो आहे म्हणून मी अजून हयात आहे. घरात तशी सोय नाही, हीच आमच्या घराची मूळ अडचण.

आज जेवताना खोलीवरून वाजलं. गॅरेजला लागून, रस्त्याकडे दार असलेली ती खोली सासरेबुवांची. तिथे ते लाकडाच्या काड्यांची लहान विमानं बनवतात. सासूबाई गेल्यापासून सकाळी चहा झाला की तिथे शिरतात ते जेवायलाच बाहेर येतात. मला ती खोली माझ्या ड्रायव्हिंग शाळेच्या ऑफिससाठी हवी आहे. सध्या माझं ऑफिस म्हणजे जिन्याखालचं टेबल. नव्या माणसाचं डोकं एकदा जिन्याला आपटल्याशिवाय त्याचा प्रवेश पुरा होत नाही. त्यात परवा सासरेबुवांनी पात्याने बोट कापून घेतलं, चांगलं खोलवर. म्हणून नवरोबाने विषय काढला. "बाबा, पुरे आता ती हत्यारं. खोली हिला देऊन टाकू."

सासरेबुवांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात मैदानावर अशा विमानांचा मेळावा आहे. मी तिथे दुपंखी विमान उडवतो. सगळ्यांसमोर नीट उडालं आणि नीट उतरलं, तर खोली माझी आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. नाही जमलं तर खोली सूनबाईची. मी स्वतः झाडून देईन."

मी ताबडतोब कबूल म्हटलं. मग ते म्हणाले, "एकच आहे. हल्ली माझा हात थरथरतो. बांधायला मला सूनबाई लागेल."

म्हणजे ज्या विमानापायी माझी खोली जाणार, ते मीच बांधायचं. नवरोबाला ठसका लागला. तो म्हणाला, मी बांधतो. त्यावर सासरेबुवा म्हणाले, "तुझ्या हातून विमान नाही, फळकूट होईल. आणि ही रडी खेळत नाही, एवढं मला ठाऊक आहे."

माणसाने असं तोंडावर सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? म्हातारा महाबिलंदर आहे.

६ नोव्हेंबर

पहिला धडा. टेबलावर आराखडा पसरला होता. मी सरळ विचारलं, सुरुवात कुठून? तर म्हणाले, "आधी आराखडा मोठ्याने वाच. तुला समजतोय का ते बघू." मी शाळेतल्या मुलीसारखी वाचत बसले. पंखाची लांबी दोन वीत, रुंदी चार बोटं, खाली एक पंख, वर एक पंख, मध्ये खांब. चुकलं की लगेच पकडायचे, कारण त्यांना सगळं तोंडपाठ. मास्तरकी अंगातच आहे.

मग लाकूड. ते इतकं हलकं असतं की हातात घेतलं की नाही ते बघून खात्री करावी लागते. त्याच्या काड्या कापून फासळ्या बनवायच्या, आणि फासळ्यांचा पंख. मी पहिल्या तीन फासळ्या मोडल्या. सासरेबुवा एकेक फासळी उचलून अंगठ्याने चाचपायचे आणि "ही जाड", "ही बरी", "ही कचऱ्यात" असं सांगायचे. तिकडे बघतही नव्हते. ऐट काय ती.

हे विमान रबराच्या पिळावर उडतं. पुढच्या प्रॉपेलरला लावलेलं रबर पिळायचं, विमान सोडायचं, झालं. रिमोट नाही, दोरी नाही. मी विचारलं, "मग वर गेल्यावर वळवायचं कसं?"

"वळवायचं नाही. जे काय करायचं ते इथे टेबलावर. हातातून सुटलं की आपला संबंध संपला."

मला हे अजिबात पटलेलं नाही. माझा सगळा धंदा दुसऱ्या ब्रेकवर चालतो.

११ नोव्हेंबर

खालचा पंख झाला, वरचा झाला, धडही झालं. दुपारी दोन शिकाऊंच्या मधल्या वेळात जाते आणि कामात इतकी गुंगते की परवा एक बाई गाडीत ताटकळत बसल्या होत्या. खरं लिहायचं तर मजा येते. हे नवरोबाला सांगितलेलं नाही.

आज सासरेबुवांनी स्वतः चहा करून आणला. किटलीतून माझ्या कपात ओतताना अर्धा चहा बशीत. गंमत अशी की हात अजिबात हलत नव्हता. अगदी दगडासारखा स्थिर, आणि चहा बशीत. म्हटलं, "बाबा, लक्ष कुठे आहे?" तर म्हणाले, "तुझ्या त्या वाकड्या फासळीकडे." जिभेला मात्र वयाचा काही त्रास नाही.

पेपर बंद केलाय त्यांनी. सगळं तेच ते असतं म्हणतात. खरंच आहे म्हणा.

१४ नोव्हेंबर

आज माझ्या हातून एक भानगड झाली आणि तिचा शेवट मला अजून कळत नाही.

पंखांवर पातळ कागद ताणून चिकटवायचा असतो. सासरेबुवांनी बजावलं होतं, पिवळाधमक आण, पिवळाच आण, आकाशात उठून दिसतो. दुकानात पिवळा संपलेला. दुकानदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. मला कुठला धीर. मी जांभळा आणला. नुसता जांभळा नाही, भरताच्या वांग्यासारखा जांभळा. ते झोपले असताना दोन्ही पंखांना चढवून टाकला आणि मग आठवलं. हा माणूस रंगाच्या बाबतीत भलता हट्टी आहे. घराच्या फाटकाचा हिरवा मनासारखा होईना म्हणून त्यांनी रंगाऱ्याकडून ते तीनदा खरवडून घेतलं होतं.

ते आले. मी समोर विमान धरलं आणि डोळे मिटून घेतले. त्यांनी पंखावरून अंगठा फिरवला, कडेला टिचकी मारली, कागद ढोलकीसारखा वाजला. म्हणाले, "छान बसलाय. सुरकुती नाही कुठे. रंगही झकास."

माणूस वयाने मवाळ होतो म्हणतात ते खरं असावं. नवरोबाला सांगितलं तर म्हणाला, मला नाही बुवा कधी झकास म्हणाले. थोडा रुसल्यासारखा वाटला.

१७ नोव्हेंबर

हसून हसून पुरेवाट. माझे एक शिकाऊ आहेत, दातांचे डॉक्टर. लोकांच्या तोंडात यंत्र घालताना हात कापत नाही, पण पानाच्या सावलीलाही ब्रेक दाबतात. ते आज गॅरेजसमोर गाडी लावून माझी वाट बघत होते, तर सासरेबुवा मागचं दार उघडून आत बसले आणि म्हणाले, "चल, बाजारात सोड मला." डॉक्टर इतके घाबरले की गाडी बंदच पडली. सासरेबुवांना वाटलं होतं की नवरोबाची गाडी आहे. नवरोबाची पांढरी, माझी लाल, वर छतावर शाळेची पाटी. मी म्हटलं, "बाबा, एवढी मोठी पाटी दिसली नाही?" ते म्हणाले, "विचारात होतो, पोरी. वरच्या पंखाच्या."

तल्लीन माणसाचं असंच होतं. मी हे दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले.

डॉक्टरांचे डोळे मात्र उत्तम आहेत. मी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला वीस पावलांवर उभं करते आणि समोरच्या गाडीचा नंबर वाचायला लावते. कोण अंदाजाने ठोकतंय ते मला तोंडाकडे बघून कळतं. डोळ्यांच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही.

१९ नोव्हेंबर

आज मोठं काम झालं. पंख जोडले.

सासरेबुवांचं म्हणणं असं की विमान बांधणं सोपं, पंख जुळवणं अवघड. एक पंख असता तर थोडं इकडेतिकडे चालून जातं. दोन असले की वरचा काहीतरी सांगणार, खालचा काहीतरी सांगणार, आणि विमान बिचारं मधल्या मध्ये मरणार. त्यांनी मला सांगितलं होतं, "समोर बसून एका डोळ्याने बघ. वरचा पंख खालच्याशी समांतर दिसला पाहिजे. बाजूनेही बघ. मग मला सांग काय दिसतं." सारखं आपलं मला सांग, मला सांग. परीक्षा घ्यायची हौस दांडगी.

मी त्यांच्याहून हुशार निघाले. नवरोबाच्या पेटीतून बोटाएवढी पाणसळ काढली. काचेच्या नळीत बुडबुडा असतो ती, गवंडी वापरतात. खालचा पंख मी रविवारीच त्यावर बसवून घेतला होता. आज वरचा पंख ठेवला, रुंदीवर पाणसळ टेकवली आणि बुडबुडा बरोब्बर मधोमध येईपर्यंत पुढचे खांब वरखाली करून चिकटवून टाकले. डोळा चुकेल, बुडबुडा चुकत नाही.

"सरळ दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"बाबा, बुडबुडा मधोमध आहे."

"मी बुडबुड्याचं नाही विचारलं."

पण मला क्लास होता, मी पळाले.

२३ नोव्हेंबर

मागच्या गल्लीतल्या गवतावर पहिली चाचणी. रबर न पिळता हाताने हलकेच पुढे सोडायचं, बस. विमान पुढे गेलं, नाक वर केलं, आकाशाकडे बघत क्षणभर थांबलं आणि शेपटीवर धपकन खाली आलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. सासरेबुवा कान टवकारून उभे होते. "नाक वर करतंय ना?" मी हो म्हटलं. "मग थांबतं आणि बसतं?" हो म्हटलं. जिना चढताना त्यांनी कठडा धरला होता.

इथे खोटं लिहून उपयोग नाही. दुसऱ्यांदा विमान आपटलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते टेबल कुठे ठेवायचं हे. खिडकीपाशी की दारापाशी. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा मात्र मला ते टेबल नकोसं झालं. त्या फासळ्या मी कापल्या आहेत. आपलं पोर वर्गात नापास व्हावं असं कुणाला वाटतं?

२४ नोव्हेंबर

चोर सापडला. दोन चोर सापडले, त्यातली एक मी.

सकाळी सासरेबुवांनी विमान मांडीवर घेतलं, खिशातून काडी काढली. दोन पंखांमधल्या अंतराएवढी कापलेली. ती त्यांनी डोळे मिटून मागच्या खांबापाशी दोन पंखांच्या मध्ये सरकवली. घट्ट बसली. मग पुढच्या खांबापाशी. तिथे ढिली, खुळखुळ वाजत होती. दुसऱ्या टोकाला तसंच. "वरचा पंख पुढून उचलला गेलाय," ते म्हणाले. "तांदळाच्या दाण्याएवढा. म्हणून नाक वर."

मी म्हटलं, शक्यच नाही, दोन्ही पंख त्याच टेबलावर त्याच पाणसळीने लावलेत. त्यांनी टेबलाच्या कडेवर तळहात ठेवला आणि दाबला. टेबल डुगडुगलं.

त्या टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि त्याच्याखाली कायम एक लाकडी पाचर असते. ती पाचर जागेवर नव्हती. मी घरभर शोधली. ती निघाली आमच्या कपाटाच्या दाराखाली. नवरोबा म्हणाला, "कपाट सारखं उघडायचं, मंगळवारी ही जमिनीवर दिसली म्हणून घातली. का, काय झालं?"

झालं ते असं. रविवारी खालचा पंख लावला तेव्हा टेबल पाचरीवर सपाट होतं. त्यानंतर वरचा लावला तेव्हा पाचर गेली होती, टेबल एका बाजूला कललेलं, त्यावर ठेवलेल्या विमानाचं नाक खाली गेलेलं. माझा बुडबुडा इमानेइतबारे मधोमध होता. तो वरच्या पंखाची जमिनीशी गाठ घालून देत होता. खालच्या पंखाशी त्याची ओळखच झालेली नव्हती.

सासरेबुवांना रागवायची संधी आयती चालून आली होती, पण ते हसत सुटले. म्हणाले, "जमीन कशी का असेना, पोरी. विमान जमिनीवर थोडंच राहणार आहे? वरचा पंख खालच्याशी जुळव. आणि दोन्ही धडाशी."

सगळं सोडवलं. पुढचे खांब नव्याने कापले. काडी चारही ठिकाणी सारखी घट्ट बसेपर्यंत मी श्वास धरून होते. मग शेपटीच्या टोकापासून दोरा घेऊन पंखांच्या दोन्ही टोकांपर्यंत मोजला, कोणतं टोक पुढे तर नाही ना म्हणून. दोऱ्याला त्यांनीच नखाने खूण धरली. मी समोरून एका डोळ्याने बघितलं आणि त्यांना सांगितलं काय दिसतं. या वेळी सगळं सांगितलं.

"अस्सं," ते म्हणाले. इतकं खूश झालेलं मी त्यांना खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

२ डिसेंबर

आज ते गवतावरून असं गेलं की बस. लांबच लांब, सरळ, शेवटी लोण्यावर सुरी ठेवावी तसं टेकलं. मी टाळ्या पिटल्या. सासरेबुवांनी विचारलं, "कसं गेलं?" म्हटलं, "तुम्ही बघितलं की." म्हणाले, "तुझ्या तोंडून ऐकायचंय." स्तुती ऐकायला कुणाला आवडत नाही.

रात्री नवरोबा म्हणाला, खोली गेली ना तुझी? म्हटलं, अजून मेळावा व्हायचाय. तो म्हणाला, तुझं तोंड तर जिंकल्यासारखं दिसतंय. मी दिवा मालवला.

७ डिसेंबर

मेळावा. सगळं सावकाश लिहायचं आहे, पण पेन पळतंय.

आमची लाल गाडी क्लच बदलायला गेलेली, म्हणून मी ओळखीच्या फुलवाल्याची निळी व्हॅन मागून आणली. सासरेबुवा विमानाचं खोकं मांडीवर घेऊन पुढे बसले. मैदानावर बरीच गर्दी होती, बहुतेक सगळे त्यांच्या वयाचे, प्रत्येकाच्या हातात खोकं आणि तोंडात दुसऱ्याच्या विमानाची खोड. तिथे डिंक्याकाका भेटले. हे सासरेबुवांचे शाळेपासूनचे दोस्त आणि तितकेच जुने दुष्मन. विमान बांधताना डिंक वारेमाप फासतात, म्हणून हे नाव. त्यांचं विमान उडतं कमी, चिकटतं जास्त.

आमचा नंबर यायला वेळ होता. डिंक्याकाका छाती काढून म्हणाले, "आपल्याला अजून चष्मा नाही हो. ती तिकडची मोटार दिसते? तिचा नंबरसुद्धा सांगतो." आणि कुठल्या तरी गाडीचा नंबर त्यांनी ठोकून दिला. "तू सांग रे एक."

सासरेबुवा ताठ उभे राहिले. आमची व्हॅन लावली होती त्या बाजूला तोंड केलं. "ही आमच्या सूनबाईची गाडी. सत्तेचाळीस एकवीस."

सत्तेचाळीस एकवीस हा माझ्या लाल गाडीचा नंबर आहे. लाल गाडी गॅरेजात आहे. समोर निळी व्हॅन उभी होती, तिच्या अंगावर हे एवढं मोठं सूर्यफूल रंगवलेलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बारा वर्षं मी लोकांच्या तोंडाकडे बघतेय. अंदाजाने ठोकणारा माणूस नंबर सांगून झाल्यावर पापणी न हलवता थांबतो, समोरचा काय म्हणतो त्याची वाट बघत. सासरेबुवा तसे थांबले होते. बशीतला चहा, मोठ्याने वाचलेला आराखडा, मला सांग, मला सांग. त्यांना दिसत नाही. किती दिवसांपासून दिसत नाही कोण जाणे, आणि आम्ही एका छताखाली राहतो.

डिंक्याकाका माझ्याकडे वळले. "काय गं, बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

डिंक्याकाकांनी डोळे बारीक करून व्हॅनकडे बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, "हो, हो, सत्तेचाळीस एकवीस. स्वच्छ दिसतंय." म्हणजे तेही तसलेच. इतक्या धक्क्यातही मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने पुसलं नि वाऱ्याला नावं ठेवली.

मग आमचा पुकारा झाला. रबर मी पिळलं. सासरेबुवांनी विमान हातात घेतलं, काडीने चारही ठिकाणी एकदा चाचपलं, गाल वाऱ्याकडे फिरवला. मी त्यांच्या कोपराला कोपर लावून उभी राहिले.

"समोर काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी शिकाऊला सांगते त्या आवाजात सांगितलं, "समोर मोकळं मैदान. डावीकडे लांब एक झाड, त्याचा त्रास नाही. माणसं सगळी मागे. सोडा."

त्यांनी सोडलं. आणि मी बोलायला लागले. चढतंय, बाबा. नाक बरोबर आहे, वर करत नाही. आता डावीकडे वळतंय, मोठं वळण घेतंय, अगदी सावकाश. पंख सरळ. दोन्ही सरळ. घराच्या दुप्पट उंच गेलंय. प्रॉपेलर थांबला. आता उतरायला लागलं. माझा उजवा पाय सारखा जमिनीवर दाबला जात होता, जिथे माझा ब्रेक असतो तिथे. ब्रेक नव्हता. आयुष्यात मला कुठली गोष्ट इतकी नीट व्हावीशी वाटली नव्हती. खोलीचं नावही डोक्यात नव्हतं. झाडाच्या अलीकडून गेलं, बाबा. येतंय, आपल्याकडेच येतंय. टेकलं. उलटलं नाही. उभं आहे.

लोक टाळ्या वाजवत होते. सासरेबुवा तोंड वर करून तसेच उभे होते, ते गवतात येऊन टेकल्यावरही.

व्हॅनमध्ये बसल्यावर मी गाडी चालू केली नाही. म्हटलं, "खोली तुमची. पण उद्या आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय."

त्यांनी खोक्यावर बोटं वाजवली. "कधी कळलं?"

"आज. ही गाडी आपली नाहीच, बाबा. फुलवाल्याची व्हॅन आहे."

"मग तू कसली गं लोकांचे डोळे तपासतेस?" असं म्हणाले आणि हसले, आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. "घाबरलो होतो पोरी. तुझा नवरा म्हणाला असता, खोली बंद, जिना बंद, एका जागी बसा. धुकं वाढत चाललंय. एकदा शेवटचं एक उडवून घ्यावं म्हटलं. आणि ते बघायला डोळे हवे होते, म्हणून तुझे घेतले."

मला रडू कोसळलं. मग आम्ही दोघं रडलो. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा मी काच खाली करून त्याला जे बोलले ते या वहीतही लिहिण्यासारखं नाही. जरा बरं वाटलं.

९ डिसेंबर

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, इतके दिवस कसे काय वावरलात?" सासरेबुवा म्हणाले, "सूनबाई आहे." मग बाई माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू मीच त्यांना लपवून ठेवलं होतं. आधी उजवा डोळा, मग महिन्याभराने डावा. दिसेल, चांगलं दिसेल, म्हणाल्या. हे ऐकल्यावर त्यांनी माझं मनगट इतकं दाबलं की वळ उठला.

आज नवरोबा म्हणाला, मी त्यांना हत्यारं सोडा म्हणत होतो, त्यांना दिसत नाहीये हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी म्हटलं, "माझ्याही. आणि मी तर त्याचा धंदा करते." मग त्याने कपाटाखालची पाचर काढली आणि स्वतः खाली जाऊन टेबलाच्या पायाखाली बसवून आला.

१९ डिसेंबर

काल ऑपरेशन झालं, आज सकाळी पट्टी काढली. घरी येताना सासरेबुवा गाडीतून नुसते बाहेर बघत होते. दुकानांच्या पाट्या, माणसांचे शर्ट, सिग्नल. एकदा म्हणाले, "तुझे केस पांढरे झालेत की." मी ब्रेक दाबला.

घरी आल्यावर आधी खोलीत. मी मागोमाग. ते दारात उभे राहिले आणि छताला टांगलेल्या विमानाकडे बघत राहिले.

"हे वांगं कुणी टांगलंय?"

मी खाली बघितलं. "पिवळा मिळाला नाही, बाबा."

"माझं विमान सगळ्या मैदानासमोर हे असं उडालं? डिंक्यासमोर?"

"डिंक्याकाकांनाही दिसत नाही."

ते यावर खूप हसले, काळ्या चष्म्याखालून पाणी येईपर्यंत, आणि मला भीती वाटली की टाके तुटतात की काय. मग विमान खाली काढून त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं. समोरून बघितलं, बाजूने बघितलं, एका डोळ्याने, कारण दुसरा अजून धुक्यातच आहे. किती वेळ लावला. मी परीक्षेला बसल्यासारखी उभी.

"जुळलेत," ते म्हणाले. "मी पंचवीस बांधली, इतके कधी जुळले नाहीत." मग टेबलाकडे हात करून म्हणाले, "हे मागच्या भिंतीला सरकवू. रस्त्याकडची बाजू तुझी. उद्या तुझं टेबल आण."

मी म्हटलं, "पैज तुम्ही जिंकलात. खोली तुमची आहे."

"माझीच आहे. म्हणूनच कुणाला बसवायचं ते मी ठरवणार. मला इथे एकट्याला आता करमत नाही."

मग मला जे येतं तेच मी केलं. त्यांना दारात उभं केलं आणि म्हटलं, "समोरच्या गाडीचा नंबर वाचा."

"सत्तेचाळीस एकवीस."

"ती नाही. ती पाठ आहे तुम्हाला. पलीकडची."

पलीकडे दातांच्या डॉक्टरांची नवी कोरी गाडी उभी होती. लायसन्स मिळाल्याचं सांगायला आले होते आणि जिन्याखाली डोकं आपटून माझी वाट बघत बसले होते. सासरेबुवांनी मान थोडी पुढे केली. घाई केली नाही. ओठ हलले, मग म्हणाले, "त्रेसष्ट शून्य आठ. आणि डाव्या बाजूला आत्ताच कुठेतरी घासून आलाय."

मी चालत जाऊन बघितलं. डाव्या बाजूला बोटभर ओरखडा होता.

"पास," मी म्हटलं, आणि आत जाऊन टेबल सरकवायला घेतलं.